अक्का, महादेवाचं देऊळ उतरवतायत

अक्का, परनाळीत सिमेंट मीच भरलं होतं. तुम्हाला ठाऊक होतं, सगळ्या गावाला ठाऊक होतं, पण माझ्या तोंडून ते सरळ कधी निघालं नाही. देवळाच्या मागच्या भिंतीला पोट कशानं सुटलं असा विषय निघाला की मी म्हणायचे, "भूकंपानं." आणि तुम्ही म्हणायचात, "हाव तर. भूकंप बी तुझ्याच माहेराकडून आला हुता."

आज कबूल करते. भूकंप नाही, मी.

बहात्तरचा दुष्काळ. मी लातूरहून नुकती लग्न होऊन आलेली, अकरावी पास. तुमच्या घरात अकरावी पास बाई दुसरी नव्हती आणि ही गोष्ट मी कुणाला विसरू देत नव्हते. तुम्ही माझ्या थोरल्या नणंद, सातवीवर गावच्या शाळेत बाई झालेल्या, म्हणजे माझ्या लेखी अडाणीच. भाकरी थापताना मी शिळं वर्तमानपत्र चुलीसमोर पसरून बसायचे. भाकरी करपायची, सासूबाई कपाळ बडवून घ्यायच्या, आणि मला वाटायचं, यांना जगाची काही खबरच नाही. ती पोरगी आज भेटली तर मी तिला काही बोलणार नाही. नुसती तिच्या ताटात तिचीच भाकरी वाढीन.

पाऊस नाही म्हणून गावानं महादेव कोंडायचं ठरवलं. रीत साधी होती. गाभाऱ्यातलं पाणी बाहेर जायची परनाळ बुजवायची, पिंड बुडेपर्यंत घागरी ओतायच्या, दार लावून घ्यायचं. देवाचा जीव गुदमरला की तो पाऊस पाडतो. बायांनी कुठून कुठून पाणी आणलं. स्वतःच्या पोरांना घोट मोजून देणाऱ्या बायांनी महादेवाच्या डोक्यावर घागरी रित्या केल्या. आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर निम्मं पाणी निघून गेलेलं. परनाळीत कोंबलेला चिखल विरघळला होता. पुन्हा चिखल, पुन्हा घागरी, पुन्हा तेच.

अकरावी पास सुनेला हे बघवेना. ओट्यासाठी आणलेलं सिमेंट घरात पडलं होतं. दुपारी सगळे आडवे झाल्यावर मी घमेल्यात ते कालवलं, चिंध्या आणि खडे घातले आणि परनाळीत हात कोपरापर्यंत घालून ठासून बसवलं. वर हातानं सारवून गुळगुळीत केलं. जाताना महादेवाला म्हटलं, "आता बघू कसा सुटतोस."

आणि पाऊस आला की हो! थोडाच आला, पण आला. माझे सिमेंटनं माखलेले हात लपले नव्हते, म्हणून एक दिवस मी गावाची लाडकी सून होते. लातूरच्या पोरीनं देव बरोबर कोंडला म्हणून मला पारावर बोलावून नारळ दिला. दुसऱ्या दिवशी लोक देवाला सोडायला गेले तर पाणी हलेना. पुरुषांनी पहारी आणल्या. परनाळीच्या तोंडाशी दगडाची मगर होती, तिचा वरचा ओठ त्यांनी फोडला, पण सिमेंट निघालं नाही. शेवटी बादल्यांची रांग लावून महादेव बाहेर काढला. सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "देवाचं मुतनं बंद केलं हिनं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं आणि तुम्ही देवळाच्या पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईतो हसत होतात. मग मला जवळ ओढून म्हणालात, "शहाणे, चिखल इरघळावा म्हनूनच चिखल लावतेत. देवाला कोंडायचं, पन सुटायला वाट ठेवून कोंडायचं. रुसव्याला बी रीत असती."

त्या दिवसापासून मी तुमची 'शहाणी'. माझं खरं नाव तुम्ही पुन्हा घेतलंच नाही. आता ते नाव कोण घेणार, हा प्रश्न मला या दिवसांत सारखा पडतो. मुलगा आई म्हणतो, नात आज्जी म्हणते, गाव काकू म्हणतं. शहाणी तुमच्यासोबत गेली.

ती परनाळ काही उघडली नाही. पुढं जन्मभर, प्रत्येक अभिषेकानंतर, तुम्ही गाभाऱ्यात उकिडव्या बसून फडक्यानं पाणी टिपून बादलीत पिळत राहिलात. उरलेलं पाणी देवळाच्या पायाच्या दगडांत मुरत राहिलं. भिंतीचे दगड हळूहळू बाहेर सरकले. किल्लारीच्या भूकंपात ते देऊळ गदगदा हललं आणि परत होतं तिथं बसलं. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. "बघ, ह्याला भूकंपाचं भ्या न्हाई. ह्याला भ्या शिकलेल्या सुनंचं," असं तुम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होतात. आम्ही पुढं नांदेडला राहायला गेलो, तिथून मी आले की पहिला टोमणा हा.

मी काय करायचे? मी देवळालाच नावं ठेवायचे. तुम्ही त्याच्या बाजूच्या, म्हणून मी त्याच्या विरुद्ध. काय ते काळंकुट्ट धूड, म्हणायचे. शिखराचं टोक गेलेलं, सभामंडपात वटवाघळं. आत शिरताना कंबर मोडते, उतरताना गुडघे मोडतात. महादेवालाही दम लागत असेल त्या भोकात. पाडा एकदाचं आणि बांधा नवं, पंखा लावलेलं. पारावरच्या लोकांना मी आले की करमणूक असायची. मी बोलायचे, ते हसायचे, तुम्ही लटकं रागवायचात. आपला खेळ होता तो, अक्का. मला वाटलं, खेळ आहे हे सगळ्यांना कळतं.

आपल्या देवळाचा अर्थ काय, असं तुम्हाला कुणी विचारलं तर तुम्ही सांगायचात. पण दर वेळी निराळा सांगायचात. बाहेरच्या भिंतीवर आरशात बघणारी, केस पिळणारी, पायातला काटा काढणारी अशा दगडी बाया. एकदा म्हणालात, ह्या देवाच्या दासी. एकदा म्हणालात, ह्या आपल्याच गावातल्या, पाणवठ्यावरून येताना कारागिरानं बघून ठेवलेल्या. एकदा शाळेच्या पोरांना म्हणालात, "समदी जिंदगी भाईर कोरून ठिवली. नटनं, न्हानं, काटा मोडनं, समदं. आत काईच न्हाई. आत जाताना भाईरचं भाईर सोडायचं." उंबऱ्यावर ते वटारल्या डोळ्यांचं कीर्तिमुख, नुसतं तोंड, धड नाही, देवानं 'खा' म्हटलं म्हणून ज्यानं स्वतःचंच अंग खाल्लं ते. "ही भूक हाय. तिला वलांडून जायाचं." पुढच्या शिवरात्रीला तेच कीर्तिमुख म्हणजे गाव झालं होतं, स्वतःला खाणारं. मी तेव्हाच पकडलं, "अक्का, मागच्या वर्षी तर भूक सांगितली होती."

"मागच्या वर्साला मी निराळी हुते," तुम्ही म्हणालात. "दगूड हाय तितंच हाय."

आणि ते चार बुटके! मंडपाच्या चार खांबांवर छताचा भार खांद्यावर घेऊन बसलेले चार ढेरपोटे. त्यांची नावं मी ठेवली, हे तरी माझं श्रेय मान्य करा. गाल फुगलेला तो मामंजी, दाढदुखीच्या दिवसांतले. दात विचकलेला तो तुमचा भाऊ, म्हणजे आमचे हे, जावई आले की जसे हसायचे तसे. डोळे मिटलेला तो गुरव, आरती चालू असताना. चौथ्याचं नाव तुम्ही ठेवलंत. त्याच्या खांद्यात आणि छतात बोटभर फट आहे. कारागिराची चूक असेल नाहीतर दगड बसला असेल, कोण जाणे. तो भार घेतल्याचं नुसतं तोंड करतो. "ही तू," तुम्ही म्हणालात. "बाकीचे वझं उचलून ऱ्हायलेत आन् ही नुसती तोंड करून ऱ्हायली."

मी तुमच्याशी महिनाभर बोलले नाही. कारण ते खरं होतं. घरातलं सगळं ओझं तुम्ही उचललंत. सासूबाईंचं दुखणं तुम्ही काढलंत, माझी बाळंतपणं तुम्ही केलीत, मुलाला पहिली बाराखडी तुम्ही गिरवून घेतलीत. मी चेष्टा केली.

पुढं हे गेले. भेटायला येणारी माणसं गळा काढायची आणि मी त्यांना ह्यांच्या घोरण्याच्या गोष्टी सांगून हसवायचे. लोक म्हणायचे, काय बाई आहे, नवऱ्याचं दुःख नाही. तुम्ही माझा हात धरून मला देवळात नेलंत आणि त्या चौथ्या बुटक्याकडं बोट केलंत. "तो तितून निघाला तर बाकीच्या तिघास्नी कळंल, वझं किती हाय ते. त्याला तितंच ऱ्हाऊ दे." मी म्हटलं, "आधी तर कामचोर म्हणत होतात." मी त्या दिवशी पहिल्यांदा रडले, तेही गाभाऱ्यात, अंधारात, तुम्हाला दिसणार नाही असं.

हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आणखी एक सांगितलं नाही. मी नांदेडहून गावी यायचे ना, तेव्हा तुम्हाला भेटायच्या आधी तिथं जायचे. एसटी फाट्यावर सोडते, देऊळ वाटेवरच. पिशवी मंडपात ठेवून पायऱ्या उतरायचे, वाकून आत शिरायचे. आधी काहीच दिसत नाही. नुसता गारवा, बेलाचा ओला वास, आणि आपल्याच श्वासाचा आवाज. दार बुटकं का, गाभारा खाली का, हे कुणी सांगायला लागत नाही, अंगालाच कळतं. मग डोळे निवतात आणि पिंड हळूहळू दिसायला लागते. कुणी दिवा लावून दाखवलेली नव्हे, आपली आपण उगवलेली. एवढं बघून मी वर यायचे, पदरानं तोंड पुसायचे आणि तुमच्या दारात येऊन ओरडायचे, "काय अक्का, पडलं का नाही अजून ते खोपट?"

मंडळानं गाभाऱ्यात ट्यूबलाइट लावली तेव्हा तिचा स्टार्टर सारखा नाहीसा व्हायचा. वायरमन बेजार झाला. नवा बसवला की चार दिवसांत गायब. गावाला संशय उंदरांचा. तुमच्या पदराच्या गाठीत मी एकदा तो स्टार्टर बघितला. बोलले नाही. तुम्हीही बोलला नाहीत. तेवढ्यापुरत्या आपण दोघी एका बाजूला होतो, आणि दोघींनाही ते ठाऊक होतं.

दोन वर्षांमागं गौरीनं फ्रान्सवरून फोटो पाठवले होते, आठवतं? माझी नात शिकायला गेलेली, सुट्टीत कुठल्या तरी खेड्यात फिरायला गेली. तिथलं जुनं चर्च. मी फोन घेऊन आले आणि आपण दोघी देवळाच्या पायरीवर बसून, एकच चष्मा आलटून पालटून लावत, ते बघितलं. भिंती कंधारच्या किल्ल्यासारख्या जाड. खिडक्या धान्याच्या कोठीला असाव्यात एवढ्याच. कमानी गोल, बसक्या, काही दाखवायची हौस नसलेल्या. गौरी रेकॉर्ड करून पाठवलेल्या आवाजात सांगत होती, "आज्जी, हे आपल्या देवळाच्याच काळातलं आहे गं. आठ-नऊशे वर्षं. कुणालाच कुणाची खबर नव्हती, तरी बघ."

बघतो तर काय! दाराच्या वर एक अक्राळविक्राळ तोंड, माणसं गिळणारं. खांबांच्या माथ्यावर सापाशी झोंबणारी बाई, एका डोक्याचे दोन सिंह, आणि एका खांबाखाली पाठ वाकवून बसलेला बुटका. तुम्ही त्याच्यावर बोट ठेवलंत तर फोटो मोठा झाला. त्याचा चेहरा नाकापासून झिजलेला, पण वैतागलेला.

"ही तर आपल्या देवळाची चुलतबहीन हाय," तुम्ही म्हणालात. "भाईर समदा बाजार, आन् आत?"

गौरीनं आतला फोटो पाठवला. अंधार. लांब एका बारीक खिडकीतून उजेडाची एक पट्टी जमिनीवर पडलेली. दुसरं काही नाही.

"मंग त्यांचा देव बी उजेडात बसत न्हाई," तुम्ही म्हणालात, आणि माझ्या फोनला हात जोडलेत. मग लगेच विचारलंत, "ह्यांच्या देवावर पानी घालत न्हाईत? परनाळ कुटं दिसत न्हाई."

"नाही घालत, अक्का," मी म्हटलं.

"मंग तितल्या सुनांचं बरं हाय."

गौरीला मी ते कळवलं तर ती तिकडं एकटीच हसत सुटली म्हणे. तुम्ही तिला आणखी एक विचारायला लावलंत, तितं आता कोण जातं? ती म्हणाली, रविवारी चार-दोन म्हाताऱ्या. "आन् पाडत न्हाईत?" "नाही आज्जी. राखतात." तुम्ही फोन माझ्या हातात दिलात आणि बराच वेळ आपल्या मागच्या भिंतीकडं बघत राहिलात. मी तेव्हा काही तरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "त्यांच्याकडं सिमेंट नसेल."

सगळ्यांत जुनं भांडण मात्र वेगळंच होतं. आपण लिंगायत. लिंग गळ्यात. जन्मल्यावर बांधतात, मरेपर्यंत उतरवत नाहीत. मग देवळात कशाला जायचं? हे माझं हुकमी पान. "अक्का, देव गळ्यात असताना त्या बिळात काय शोधता?" मी हे तुम्हाला कितीदा विचारलं असेल. तुम्ही कधी हसण्यावारी न्यायचात, कधी चिडायचात. एकदाच नीट उत्तर दिलंत. शेंगा फोडत बसलो होतो, तुम्ही मान वर न करता म्हणालात, "गळ्यातला माजा एकटीचा. माज्यासंगं खड्ड्यात जाईल. तो तितला समद्यांचा हाय. तो मागं ऱ्हाईल."

शेंगा फोडत राहिलो. मी विषय बदलला. आज वाद घालायला तुम्ही नाही, तरी घालते. तुमचं चुकलं, अक्का. तुमचं पहिल्यांदाच, आणि इतकं चुकलं.

मागच्या श्रावणात भिंतीचा एक दगड सुटला. पोरं तिथं खेळत होती. कुणाला लागलं नाही, पण लागलं असतं. गावाचं काही चुकत नाही हो. कुणाचं लेकरू खाली सापडलं असतं तर मीही कुदळ घेतली असती. सरकारी यादीत ते देऊळ नाही, कुणी बघायला येत नाही. मंडळानं ठरवलं, उतरवून नवं बांधायचं. स्लॅबचं, संगमरवरी फरशीचं, शिखर डांबरी रस्त्यावरून दिसेल असं. गाभारा जमिनीच्या पातळीला, म्हणजे म्हाताऱ्या बायांना उतरायचा त्रास नको. आपल्यासाठीच चाललंय हो सगळं.

देवळाच्या पाच पंचांत तुम्ही एकट्या आडव्या. परनाळ उघडा, पाया कोरडा करा, सुटलेले दगड परत बसवा, एवढंच तुमचं म्हणणं. एकीचा नकार आहे म्हणून वर्षभर काम अडलं होतं. तुमच्या हाताखाली शिकलेली माणसं, तुम्हाला डावलून पुढं जायची त्यांची छाती नव्हती.

नांदेडच्या दवाखान्यात तुम्ही पडून होतात तेव्हा मी रोज दुपारी डबा घेऊन यायचे. तुम्ही एक घास खायचात आणि उरलेला मला खायला लावायचात. त्या दिवशी तुम्ही माझं मनगट धरलंत. बोटं इतकी हलकी, जणू कुणी दोरा बांधतंय. म्हणालात, "माज्या जागी पंचांत तुला घेतील. तू न्हाई म्हन."

अक्का, तेव्हा 'हो' म्हणायला काय लागत होतं? जिभेला एवढीशी हालचाल. पण तुम्ही जाणार हे मला ऐकायचं नव्हतं, आणि भीती वाटली म्हणजे मी एकच करते, चेष्टा. मी म्हटलं, "मी? मी तर पहिली कुदळ मारणार. नारळ फोडून."

तुम्ही हसलात. हसता हसता खोकला लागला, नर्स धावत आली, मला बाहेर काढलं. दारातून मागं बघितलं तर तुम्ही हसतच होतात, की श्वास घेत होतात, ते मला कळलं नाही. मनात ठरवलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला.

तुम्ही काय समजून गेलात? मी चेष्टा करत होते हे तुम्हाला कळलं असेल. जगात एका तुम्हालाच कळलं असतं. पण अक्का, नक्की कळलं का?

तुम्हाला विमानात, त्या सजवलेल्या मखरात, बसवून रुद्रभूमीत, आपल्या लिंगायतांच्या स्मशानात, नेलं. बायांनी पुढं यायचं नसतं म्हणाले, मी गेले. खड्ड्यात उतरायला पायऱ्या खोदल्या होत्या. खाली एका बाजूला कोनाडा, बुटका. तुम्हाला मांडी घालून आत बसवताना तुमची मान त्यांनी जरा वाकवली. गळ्यातलं लिंग काढून डाव्या तळहातावर ठेवलं, वर भस्म, बेल. आत अंधार होता. मी काठावर उभी राहून वाट बघत होते. डोळे निवले की दिसेल, असं काही तरी वेडगळ मनात येत होतं. काही दिसलं नाही. माती लोटली. इतकी वर्षं आपण त्या गाभाऱ्यात उतरत होतो आणि परत वर येत होतो, म्हणून मी समजत होते की उतरणं म्हणजे परत येणं. बाकी काही नाही. तुम्ही वर आला नाहीत.

आणि गळ्यातला तुमच्यासंगं गेला. मागं राहायचा होता तो राहत नाहीये.

तुमच्या दिवसांच्या जेवणाला, शिवगणाराधनेला, सगळं गाव होतं. पंगत बसली, आणि शिवराज उभा राहिला. आता मंडळाचा अध्यक्ष आहे, तुम्हीच त्याला अ आ ई शिकवलंत. चांगलं बोलला. अक्का नसत्या तर मी बैलामागं असतो, म्हणाला, आणि डोळे पुसले. मग म्हणाला, अक्काच्या मनाविरुद्ध आम्ही त्या असेपर्यंत दगड हलवला नाही. आता भिंत पावसाळा काढणार नाही. सोमवारी पिंड पत्र्याच्या शेडमध्ये हलवू आणि काम सुरू करू. चारी बुटके फाटकाशी शोभेला ठेवू. अक्काची पंचांतली जागा काकूंची.

"काकूंचा तर पयल्यापासून होकारच हाय," तो हसून म्हणाला, आणि पंगत हसली.

मी उभी राहिले. "पाडू नका," म्हटलं.

सगळ्यांचे हात ताटात थांबले. मग कुणी तरी खुसखुसलं. ते थांबले होते, अक्का. मी पुढं काय म्हणते त्याची वाट बघत होते. माझं बोलणं असंच असतं ना, आधी गंभीर तोंड आणि मग टोला.

"फुडं बोला की काकू," पंगतीतून एक जण म्हणाला.

"पुढं काही नाही. पाडू नका. परनाळ फोडा, भिंत बसवा. मी जन्मभर नावं ठेवली, ती खोटी होती. मला ते देऊळ आवडतं."

असे हसले, अक्का, असे हसले. एका म्हाताऱ्याला ठसका लागला. "काकूला आवडतंय म्हनं! महादेवाला दम लागतोय कोन म्हनत हुतं?" दुसरा म्हणाला, "पयली कुदळ कोन मारनार हुतं, काकू?" म्हणजे दवाखान्यातलंही गावापर्यंत पोचलं होतं. तुमच्या शेजारच्या खाटेवर आपल्याच गावची बाई होती. तिनं ते कौतुकानं सांगितलं असणार: मरणाच्या दारातसुद्धा दोघी कशा हसत होत्या म्हणून.

मी गाभाऱ्याबद्दल सांगायला लागले. फाट्यावर उतरून आधी तिथं जायचे, हे सांगितलं. पिंड आपली आपण कशी दिसते ते सांगितलं. शब्द नीट जुळेनात. मला आयुष्यात कधी नीट बोलायची सवयच नाही, मला फक्त टोला मारता येतो. आवाज फाटला, डोळे वाहायला लागले, आणि वाढणारी एक पोर दुसरीला म्हणाली, "काकू किती हुबेहूब करतेत गं."

शिवराज ताट सोडून माझ्याजवळ आला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्यानं माझ्यापुढं हात जोडले, आणि कुणाला ऐकू जाऊ नये अशा हलक्या आवाजात, आईला समजावावं तसं म्हणाला, "काकू, जन्मभर तुमची चेष्टा गोड मानून घेतली. आज अक्काचं जेवन हाय. आज तरी ऱ्हाऊ द्या."